ओताकु: छांदिष्ट, घरकोंबडा की आणखी काही?

भाची हल्ली स्वतःला मोठ्या अभिमानाने 'ओटाकू' म्हणवते, म्हणजे एखाद्या छंदाने पार झपाटलेली. रात्री दोनपर्यंत ॲनिमे, म्हणजे जपानी ॲनिमेशन. मी 'छांदिष्ट' सुचवला तर म्हणाली, "मामा, ते आजोबांच्या पोस्टाच्या तिकिटांसारखं वाटतं." दुसरा शब्द आहे का?

— आधी उच्चार. जपानीत आपला ट नाही, तेव्हा ओताकु. 'ताकु' म्हणजे घर, 'ओ' आदराचा. 'आपलं घर' म्हणत म्हणत समोरच्यालाच अदबीने 'आपण' म्हणायची ही रीत. मांगावेडी (मांगा म्हणजे जपानी चित्रकथा) पोरं आपसांतही असंच बोलायची, वर्गमित्राने "आपण कुठला अंक घेतलात?" विचारावं, तसं. नाकामोरी अकिओ यांनी 1983 साली एका मांगा मासिकात त्यावरून त्यांची टिंगल केली आणि सर्वनामाचं नाम झालं. पुढे 1989 मध्ये लहान मुलींच्या खुनांसाठी पकडलेल्या तरुणाच्या खोलीत हजारो व्हिडिओ टेप सापडल्या, तेव्हा तर ती शिवीच झाली. भाचीचा अभिमान इंग्रजीमार्गे आलेला दिसतो, त्या ट-सकट.

— तैवानमध्ये गंमत वेगळीच. चिनी लिपीत 'घर' हे अक्षर डोळ्यांसमोरच असतं, त्यामुळे 'झाय-नान' (झाय म्हणजे घर, नान म्हणजे पुरुष) हा घराबाहेर न पडणारा गडी झाला, छंद असो वा नसो. म्हणजे आपला घरकोंबडाच की! कोरियनांनी मात्र घर पार मोडून टाकलं. ओताकुचं 'ओदॉक्हू' केलं, मग सुरुवातीचा 'ओ' आणि शेवटचा 'हू' उडवला आणि उरलेल्या 'दॉक'ला धातूसारखं राबवलं. एखाद्या गायकाच्या नादी लागणं म्हणजे 'इपदॉक', त्यातला 'इप' प्रवेशाचा. त्या नादापायी जे जे उद्योग करायचे, ते 'दॉकजिल'. हा 'जिल' एरवी जरा तुच्छतेने लावतात. आपल्या 'नसते उद्योग'मधल्या उद्योगासारखा. उधारीच्या शब्दाचा एवढा संसार मी दुसरीकडे पाहिला नाही.

— मग 'नादिष्ट' घ्या ना. नादी लागणं, नाद सुटणं, नाद करणं, सगळं तयार आहे. 'छांदिष्ट' फार सोवळा.

भाचीला 'घरकोंबडी' ऐकवलं, दार आपटून गेली. 'नादिष्ट' म्हणजे दारूडा वाटतो म्हणे. 'नाद खुळा' चालेल, म्हणाली.

— कोल्हापूरकर म्हणून हरकत नोंदवतो. नाद खुळा तांबडा रस्सा असतो, भुरकणारा नव्हे.