मदत हवी आहे: आजीचे राणीछाप रुपये खरे की नकली?

नमस्कार मंडळी. आजीच्या पितळी डब्यातून काही चांदीचे रुपये निघालेत. बहुतेक १८६२ चे व्हिक्टोरिया राणीचे, थोडे एडवर्डचे आणि एक १९११ चा पंचम जॉर्जचा. भावंडांत वाटण्याआधी खात्री करून घ्यायची आहे.

माझ्या माहितीप्रमाणे हे रुपये ११.६६ ग्रॅमचे आणि सुमारे ९१.७ टक्के चांदीचे. बाकीचे वजनात ठीक बसतात, थोडी झीज सोडली तर. शंका १९११ च्या नाण्याची आहे. त्याच वर्षी राजाच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून ओरड झाली आणि पुढच्या वर्षी ठसा बदलला, त्यामुळे या नाण्याच्या नकला फार होतात. आमचं नाणं भरतं १०.९ ग्रॅम. भिंगातून पाहिलं तर कडेच्या खाचा एका ठिकाणी बुजल्यासारख्या आहेत, तिथून बारीक रेघ जाते. अक्षरांच्या कडा गोलसर, आणि खळग्यांत टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं. ओतीव असेल का?

लोहचुंबकाला चिकटत नाही, पण तांबं-पितळही चिकटत नाही, त्यामुळे तेवढ्यावर भरवसा नाही. सराफ म्हणतात, मशीनवर चांदीचा टक्का कळेल. पण खऱ्या चांदीत ओतलेली नक्कल असली तर?

पाण्यात बुडवून घनता काढण्याचा घरगुती प्रयोग कुणी केलाय का? साधा वजनकाटा चालतो का? आणि १८६२ च्या नाण्यांवर सालाखाली जे ठिपके असतात, ते कसे मोजायचे? पुण्यात किंवा मुंबईत नाणी विकत न घेता नुसती पारखून देणारं कुणी माहीत असेल तर जरूर सांगा. नाणी अजून घासलेली नाहीत, घासणारही नाही.