लिफ्ट बंद, सचिव सरचूला

ग्रुप: सोसायटी सभासद (फक्त कामाचे मेसेज)
गुरुवार

कुलकर्णी बी-६०१, सकाळी ७.०२
सर्व सभासदांस नमस्कार. बी विंगची लिफ्ट बंद पडून आज तिसरा दिवस. माझ्या आईचे वय ८३, गुडघ्याचे ऑपरेशन होऊन पाच आठवडे झालेत, हे सर्वांना माहीत आहे. काल फिजिओथेरपीवाली मुलगी सहा मजले चढून आली आणि आल्याबरोबर तीच खुर्चीत बसली. लिफ्टवाल्यांना ३८,६०० रुपये आगाऊ हवेत, त्याशिवाय ते पार्ट मागवत नाहीत. चेकवर दोन सह्या लागतात. सचिव साठे आणि खजिनदार पाटणकर दोघेही एकाच वेळी बुलेटवरून लडाखला. अध्यक्ष न्यू जर्सीला मुलीकडे. आता सही वॉचमनने करायची का?

इनामदार ए-५०४, ७.०९
लिफ्टचे काय झाले? कृपया अपडेट द्यावा.

कुलकर्णी बी-६०१, ७.१०
इनामदारसाहेब, वर वाचा.

गोखले (अध्यक्ष), ७.१४
सर्वांना शुभ रात्री. इथे छान ऊन पडले होते आज.

मोहिते ए-७०२, ७.२०
अध्यक्ष महाराज, इथं सकाळ झाली आणि लिफ्ट झोपलीय. उलटं आहे सगळं.

पाटणकरकाकू ए-१०२, ७.३१
आमच्या ह्यांनी जाण्याआधी ग्रुपवर रीतसर कळवले होते. १६ दिवस जाणार म्हणून. तेव्हा सगळ्यांनी अंगठे दाखवले. कुलकर्णी भावजींनीसुद्धा.

कुलकर्णी बी-६०१, ७.३३
वहिनी, अंगठा प्रवासाला दिला होता. सोसायटी वाऱ्यावर सोडायला नाही.

मोहिते ए-७०२, ७.४०
एक विचारू का, राग मानू नका. ही माणसं पुण्यापासून गाडी चालवत गेलीच कशाला? आम्ही २००९ ला गेलो तेव्हा गाड्या झेलम एक्स्प्रेसमध्ये टाकल्या. टाकी रिकामी केली, गोणपाट बांधलं, आरसीची झेरॉक्स दिली, पावती फाडली की काम झालं. जम्मूला उतरायचं आणि किक मारायची.

इनामदार ए-५०४, ७.४४
आणि जायचेच होते तर समृद्धीने जायचे. रस्ता रिकामा असतो.

ऋतुजा ए-३०१, ७.४६
काका, समृद्धीवर टू-व्हीलरला बंदी आहे. ते नाशिक, धुळे, इंदूर, कोटा करत गेलेत. पालख्या पुण्यात यायच्या आधी बाहेर पडायचं म्हणून पहाटे चारला निघाले.

कुलकर्णी बी-६०१, ७.४७
पहाटे चारला निघाले हे अख्ख्या सोसायटीला माहीत आहे. चार बुलेट एकदम चालू केल्या होत्या.

देशमुख बी-१०१, ७.४९
आमचं बाळ त्या दिवशी जे उठलं ते अजून झोपतच नाहीये.

मोहिते ए-७०२, ७.५०
बाळ पण लडाखला जाणार मोठं होऊन.

देशमुख बी-१०१, ७.५१
काका, प्लीज.

इनामदार ए-५०४, ८.०५
लिफ्टचे काय झाले? कृपया अपडेट द्यावा.

डॉ. देव बी-२०३, ८.१२
ऑनलाइन का भरत नाही आपण? नेट बँकिंग आहे ना सोसायटीला? एकाने टाकायचे, दुसऱ्याने ओटीपी देऊन मंजूर करायचे.

कुलकर्णी बी-६०१, ८.१५
डॉक्टर, मी बँकेत ३४ वर्षे काढली आहेत, हे मला परवाच सुचले. मंजुरीचा ओटीपी खजिनदारांच्या मोबाइलवर जातो. त्यांचा मोबाइल लागत नाही.

ऋतुजा ए-३०१, ८.१८
पाटणकरकाकांचं सिम प्रीपेड आहे ना? मग लागणारच नाही. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेडच लागतं. मी निघायच्या आधी सांगितलं होतं त्यांना.

मोहिते ए-७०२, ८.१९
पाटणकर आणि पोस्टपेड! ज्या माणसानं गणपतीच्या वर्गणीची पावती मागच्या वर्षीच्या पुस्तकात फाडली, कागद वाया जाऊ नये म्हणून, तो दर महिन्याला बिल भरणार होय?

पाटणकरकाकू ए-१०२, ८.२१
मोहिते भावजी, त्याच काटकसरीमुळे सोसायटीच्या खात्यात पैसे आहेत.

कुलकर्णी बी-६०१, ८.२२
आहेत. काढता येत नाहीत एवढेच.

मोहिते ए-७०२, ८.२४
बरं ते जनरेटरचा दहा लिटरचा कॅन कुठं गेला हो? सोमवारी लाइट गेली तर डिझेल आणायला भांडं नाही. हिमालयात तर नाही ना फिरायला गेला?

पाटणकरकाकू ए-१०२, ८.२५
हा मेसेज डिलीट करण्यात आला आहे.

पाटणकरकाकू ए-१०२, ८.२७
कॅन त्यांनी स्वतःच्या पैशाने दोन नवीन घेतले. बिल आहे माझ्याकडे, फोटो टाकू का? जनरेटरचा कॅन वॉचमनच्या खोलीत कॉटखाली आहे. आधी बघावे, मग बोलावे.

ऋतुजा ए-३०१, ८.३०
कॅन लागतातच तिकडे. केलाँगच्या अलीकडे तांदीला पंप आहे, तिथे पाटीच लावलीय, पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर. तो थेट कारूला, लेहच्या जवळ. पाटणकरकाकांची जुनी बुलेट २५ देते. म्हणजे साडेचौदा लिटर हवं, आणि घाटात, त्या हवेत, २५ पण देत नाही.

कुलकर्णी बी-६०१, ८.३१
माहिती उपयुक्त आहे. लिफ्टच्या दृष्टीने नाही.

इनामदार ए-५०४, ९.४०
लिफ्टचे काय झाले? कृपया अपडेट द्यावा.

साठेवहिनी बी-३०४, ११.०६
नमस्कार. मी इथे सहसा लिहीत नाही. कुलकर्णी भावजी म्हणतात ते बरोबर आहे, आईंचे हाल होतायत त्याबद्दल मी माफी मागते. पण एक विचारायचे होते. ह्यांचा काल सकाळी साडेसातला जिस्पाहून फोन आला, निघतोय म्हणाले. त्यानंतर काहीच नाही. ह्यांचे तर पोस्टपेड आहे. कोणाकडे काही निरोप आहे का? पाटणकरवहिनी, तुमच्याकडे?

पाटणकरकाकू ए-१०२, ११.०८
नाही हो. मी तुम्हालाच विचारणार होते. उगाच तुम्हाला काळजी नको म्हणून गप्प होते.

मोहिते ए-७०२, ११.१०
वहिनी, काही होत नाही. आम्ही २००९ ला तर तीन दिवस कुणाला सापडलो नव्हतो. घरी सगळ्यांनी रडून घेतलं होतं.

डॉ. देव बी-२०३, ११.११
मोहिते, तुम्ही जरा थांबा.

ऋतुजा ए-३०१, ११.१४
काकू, घाबरू नका, मी मागच्या वर्षी त्याच रस्त्याने गेले होते. दारचा सोडलं की नेटवर्कचा काही भरवसा नसतो, फोन पोस्टपेड असो नाहीतर आणखी काही. त्यांचा प्लॅन माझ्याकडे आहे. काल बारालाचा ओलांडून सरचूला तंबूत मुक्काम. आज गाटा लूप्स, म्हणजे एकाच डोंगरावर २१ वळणं, मग लाचुंग ला (ला म्हणजे खिंड), पांग, मोरेचं पठार, टांगलांग ला आणि खाली लेह. तो दिवस फार मोठा आहे. रात्री आठनऊच्या आधी फोनची वाटच बघू नका.

साठेवहिनी बी-३०४, ११.१६
थँक्यू बाळा. हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. हे नुसतं म्हणाले, तिकडे रस्ते छान झालेत.

ऋतुजा ए-३०१, ११.१९
झालेत बऱ्यापैकी. अटल बोगद्यामुळे रोहतांगचा सगळा घाटच वाचतो. पुढे नाल्यांचा त्रास असतो. बर्फ वितळतं आणि दुपारनंतर रस्त्यावरून पाणी वाहायला लागतं, सकाळी घोट्याएवढं असतं ते दुपारी गुडघ्याएवढं. त्यामुळे लवकर निघायचं असतं. ते साडेसातला निघाले म्हणजे वेळेत होते.

डॉ. देव बी-२०३, ११.२५
मी साठेंना बजावले होते की मनालीकडून जाऊ नका. मनाली साडेसहा हजार फूट, दोन दिवसांत सरचूला चौदा हजारांवर झोपायचे. शरीराला वेळच मिळत नाही. श्रीनगर, कारगिलकडून गेले की चढण हळूहळू येते. वय ५४, बीपीची गोळी चालू. उंचीच्या त्रासावरची डायामॉक्स लिहून दिली होती. घेतली का, देव जाणे.

मोहिते ए-७०२, ११.२६
देव जाणे म्हणजे तुम्हीच की.

डॉ. देव बी-२०३, ११.२७
साठेवहिनी, फोन आला की एवढेच सांगा. डोके दुखत असेल, उलटी होत असेल तर लेहला दोन दिवस अजिबात हलायचे नाही. खारदुंगला वगैरे नंतर. आणि सरचूला त्रास झाला असता तर पुढे जायचे नसते, मागे खाली उतरायचे असते. हट्ट नाही करायचा.

मोहिते ए-७०२, ११.३०
खारदुंगला आम्ही २००९ ला केला. जगातला सगळ्यात उंच रस्ता, १८,३८० फूट. पाटीखाली फोटो आहे माझा, टाकतो.
(फोटो)

ऋतुजा ए-३०१, ११.३३
काका, मस्त फोटो. पण ते १८,३८० फक्त पाटीवर आहे, जीपीएसनं मोजलं तर १७,५८२ च्या आसपास भरतं. आणि नंतर त्याहून उंच उमलिंग ला झाला, १९,०२४ फूट.

मोहिते ए-७०२, ११.३४
म्हणजे मी आठशे फूट कमी चढलो होतो काय?

ऋतुजा ए-३०१, ११.३५
तुम्ही चढलात तेवढेच. पाटी जास्त चढली होती.

इनामदार ए-५०४, १२.१५
लिफ्टचे काय झाले? कृपया अपडेट द्यावा.

देशमुख बी-१०१, १२.१६
इनामदारकाका, तुम्ही ए विंगला राहता. तुमची लिफ्ट चालू आहे.

इनामदार ए-५०४, १२.१८
प्रश्न तत्त्वाचा आहे.

मोहिते ए-७०२, दुपारी ३.५०
चंडीगढचा फोटो आत्ता नीट बघितला. साठेंच्या बुलेटला ती निळी सॅडलबॅग दिसतेय, ती कुलकर्ण्यांची ना? मार्चमध्ये पार्किंगमध्ये सगळ्यांना उघडून दाखवत होते ती?

कुलकर्णी बी-६०१, ३.५४
तो विषय इथे नको.

मोहिते ए-७०२, ३.५५
नको तर नको. पाचवी बुलेट खाली कव्हर घालून उभी आहे, रोज दिसते म्हणून म्हटलं.

कुलकर्णी बी-६०१, ४.०३
आईच्या ऑपरेशनची तारीख मेमध्ये मिळाली म्हणून गेलो नाही. बॅग साठेने मागितली, दिली. याचा आणि लिफ्टचा काडीचा संबंध नाही. मी कोणावर राग काढत नाहीये. ४ तारखेलाच मी लिहिले होते की लिफ्ट आवाज करते, जाण्याआधी एकदा दाखवून घ्या. मेसेज वर आहे, ज्याला हवा त्याने शोधावा.

डॉ. देव बी-२०३, ४.०५
आईंना खाली आणायचे असेल तर मला हाक मारा. मी आणि देशमुख खुर्चीत बसवून आणू.

कुलकर्णी बी-६०१, ४.०६
आभारी आहे. ती खुर्चीला तयार नाही. म्हणते, माझी मिरवणूक काढू नका.

साठेवहिनी बी-३०४, रात्री ८.५१
फोन आला! कारूला पोचलेत. पेट्रोल भरतायत. सगळे ठीक आहेत.

पाटणकरकाकू ए-१०२, ८.५१
देवा गणराया.

ऋतुजा ए-३०१, ८.५२
बघा!

साठेवहिनी बी-३०४, ८.५८
काल पाटणकर भावजींची चेन दोनदा उतरली, त्यात दुपार झाली. झिंगझिंगबारच्या पुढे नाल्याला पाणी चढले होते. एका ट्रकच्या मागे मागे गाड्या काढल्या, ह्यांची मध्येच बंद पडली, दोघांनी ढकलली. बूट अजून ओले आहेत. सरचूला रात्री पाटणकर भावजींचे डोके धरले होते, पहाटे उतरले, मगच निघाले. डॉक्टर, गोळी घेतली होती म्हणतात. खरे खोटे माहीत नाही.

डॉ. देव बी-२०३, ९.००
दोन दिवस लेह. हलायचे नाही. माझे नाव सांगा.

इनामदार ए-५०४, ९.०२
आनंद झाला. लिफ्टचे काय झाले? कृपया अपडेट द्यावा.

साठेवहिनी बी-३०४, ९.१०
तेही विचारले. ह्यांना खूप वाईट वाटले. ओटीपीचे काही जमणार नाही, पाटणकर भावजींचा फोन सरचूपासून बंदच आहे. पण हे म्हणाले, देव्हाऱ्याखालच्या ड्रॉवरमध्ये पासबुकात एक चेक आहे. दोघांच्या सह्या करून ठेवलेला. अडीअडचणीला म्हणून. मी बघितले, आहे.

मोहिते ए-७०२, ९.११
म्हणजे कोरा?

साठेवहिनी बी-३०४, ९.११
हो. नाव आणि रक्कम घालायची आहे.

मोहिते ए-७०२, ९.१२
आई गं. ठराव क्र. ७.

देशमुख बी-१०१, ९.१३
आम्ही नवीन आहोत. ठराव क्र. ७ काय?

ऋतुजा ए-३०१, ९.१५
मागच्या वार्षिक सभेतला. कोऱ्या चेकवर आगाऊ सह्या करून ठेवायच्या नाहीत, केल्यास संबंधितांनी राजीनामा द्यावा. दीड तास चर्चा झाली होती. वडे गार झाले.

देशमुख बी-१०१, ९.१६
सूचक कोण?

मोहिते ए-७०२, ९.१६
बी-६०१.

गोखले (अध्यक्ष), ९.२०
सुप्रभात मंडळी. आजचा सुविचार.
(फोटो)

इनामदार ए-५०४, ९.२६
ठरावाची प्रत माझ्याकडे आहे. टाकू का?

देशमुख बी-१०१, ९.२७
नको काका.

कुलकर्णी बी-६०१, ९.४४
साठेवहिनी, मी दहा मिनिटांत खाली येतो. जागे असाल ना? रक्कम आणि नाव माझ्यासमोर लिहा, अक्षरी पण. चेक क्रॉस करायचा. फोटो काढून ग्रुपवर टाकू, म्हणजे पारदर्शकता राहील. सकाळी मी स्वतः लिफ्टवाल्यांकडे नेऊन देतो आणि पावती घेतो. ठरावाचे पुढच्या सभेत बघू.

साठेवहिनी बी-३०४, ९.४५
या ना. चहा टाकते.

कुलकर्णी बी-६०१, ९.४७
चहा नको. साठेचा परत फोन आला तर एक विचारा. नाल्यात गाडी बंद पडली तेव्हा सॅडलबॅगेला रेनकव्हर घातले होते का? कव्हर बॅगेच्या आतल्या, पाठीकडच्या कप्प्यात आहे. चेन बारीक आहे, पटकन दिसत नाही. मी निघताना त्याला दाखवायचे राहून गेले.