मदत हवी आहे: झेडपी शाळेत दुसऱ्या शिक्षकाचं मानधन कशातून द्यावं?

नमस्कार मंडळी. मी गावातल्या शाळा व्यवस्थापन समितीवर आहे. पहिली ते चौथी, पट 23. जूनमध्ये बाईंची बदली झाली, तेव्हापासून गुरुजी एकटेच. ते केंद्रावर मीटिंगला गेले की चौथीतली मुलगी फळ्यापाशी उभी राहून पहिलीची बाराखडी घेते. बघून पोटात तुटतं.

शिक्षण हक्क कायद्यात 60 पटापर्यंत दोन शिक्षक म्हटलेत. तालुक्याला दोनदा अर्ज दिला, उत्तर नाही. ग्रामपंचायतीला मिळणाऱ्या पंधराव्या वित्त आयोगाच्या अबंधित (ठरावीक कामाला बांधून न दिलेल्या) निधीतून पगार देता येत नाही, हे कळलंय. गावातली डीएड झालेली एक मुलगी शिकवायला तयार आहे. ग्रामपंचायतीच्या स्वनिधीतून तिला मानधन देता येईल का? कुणाच्या गावाने असं केलं असेल तर ठरावाचा नमुना कृपया पाठवा. ग्रामसभा जवळ आलीय.