कार्पल टनलवर शॉक वेव्ह: उपचार की पॅकेज?

दिंडोरीचा बागायतदार: कार्पल टनलला, म्हणजे मनगटात नस दबण्याच्या त्रासाला, शॉक वेव्ह, म्हणजे मशीनने बाहेरून दाबाचे ठोके देणं, हा सध्या तरी पेशंटच्या पैशावर चाललेला प्रयोग आहे, असं माझं स्पष्ट मत. आमच्या वहिनीला अंगठा आणि शेजारच्या दोन बोटांना मुंग्या येतात. रात्री जाग येते, हात झटकला की जरा बरं. नाशिकच्या एका क्लिनिकमध्ये नेलं, तर नसेतून संदेश किती वेगाने जातो ते बघणारी एनसीव्ही तपासणी नाही, शुगर-थायरॉईडची चौकशी नाही, थेट सेशनचं पॅकेज! रात्री मनगट सरळ ठेवणारा साधा पट्टासुद्धा कुणी सुचवला नाही.

पंचवटी फिजिओ: दादा, क्लिनिकचा राग मशीनवर का काढता? 1980 मध्ये म्युनिकला मुतखडा फोडायला हे तंत्र पहिल्यांदा माणसावर वापरलं. आज टाचदुखी, टेनिस एल्बोला सर्रास देतात, अर्थात मुतखड्यापेक्षा कितीतरी कमी ताकदीने. कार्पल टनलमध्येही सौम्य ते मध्यम त्रासात काही लहान अभ्यासांत आराम दिसलाय. याच त्रासाला मनगटात देतात त्या स्टेरॉईडच्या इंजेक्शनने डायबेटिसवाल्याची शुगर काही दिवस चढते, इथे ती भानगड नाही.

सातपूर फिटर: मी घेतली. हवेच्या दाबाचं मशीन, तळहाताच्या बुडाशी जेल लावून ठकठक ठोके देतात. दुखतं, पण सहन होतं. फरक पडला. आता रात्री पट्टाही बांधत होतो आणि ओव्हरटाइमही बंद होता, त्यामुळे श्रेय कुणाला द्यायचं ते तुम्हीच ठरवा.

दिंडोरीचा बागायतदार: हेच तर म्हणतोय! अभ्यासातही बऱ्याचदा सोबत पट्टा असतोच, आणि ठोके किती, ताकद किती, हे प्रत्येकाचं वेगळं. ब्रिटनमधल्या 2018 च्या चाचणीत इंजेक्शन आणि रात्रीचा पट्टा समोरासमोर ठेवले. 6 आठवड्यांनी इंजेक्शन सरस, 6 महिन्यांनी दोघांत फारसा फरक नाही. मग महागड्या मशीनने आधी स्वस्त पट्ट्याला हरवून दाखवावं.

निफाडची सूनबाई: पट्टा पट्टा काय लावलंय, भाऊ? रात्री बांधेल हो बाई. पण सकाळी परत विरळणीची कात्री हातात, दिवसभर द्राक्षाच्या घडातले मणी काढायचे. पेठ-सुरगाण्याहून आलेल्या बायका तर टोळीने येतात. एकीने हात आखडला की सगळ्या टोळीचं काम मागे पडतं. ऑपरेशन म्हटलं की जड कामाला काही आठवडे सुट्टी, म्हणजे तेवढी मजुरी बुडाली. चिरफाड नाही, उद्या कामावर जा, असं कुणी सांगितलं तर ती पैसे भरणारच. तिला अडाणी म्हणू नका. आधी आपल्या बागेत कात्रीला धार आहे का, मधे हाताला विसावा मिळतो का, ते बघा.

पंचवटी फिजिओ: ताई, शंभर टक्के. माझ्याकडूनही एक सांगतो: अंगठ्याखालचा मांसल उंचवटा बसला असेल, बटण लावताना बोटं दगा देत असतील, तर शॉक वेव्हच्या नादी लागू नका. नस दबून स्नायू वाळायला लागलाय. तिथे सर्जनच लागतो, तो वरचा पट्टीसारखा लिगामेंट कापून नसेला जागा करून देतो. सौम्य त्रासात मात्र पट्टा लावूनही भागलं नाही आणि इंजेक्शन नको असेल, तर मशीनचा पर्याय मी देणार.

दिंडोरीचा बागायतदार: मग हेच क्लिनिकच्या बोर्डावर लिहा की! तिथे "विना ऑपरेशन कायमचा आराम" कशाला? वहिनीची एनसीव्ही सोमवारी आहे, शुगर-थायरॉईडही करून घेतोय. पॅकेजचे पैसे तोवर आमच्याच खिशात.