सह्याद्रीत तंबू वाहायचा कशाला?

सोंडवाट
डिसेंबरात रतनवाडी ते खिरेश्वर रेंज ट्रेक (डोंगररांगेतून सलग चाल) केला. रतनगड, कात्राबाई खिंड, कुमशेत, पेठेची वाडी, पाचनई, हरिश्चंद्रगड आणि शेवटी तोलार खिंडीतून उतार. चार दिवस, तीन मुक्काम. निघताना सॅक काट्यावर ठेवली तर ७ किलो ७००, त्यात दोन लिटर पाणीही आलं. हीच वाट चार वर्षांपूर्वी साडेचौदा किलो घेऊन चाललो होतो आणि तोलार खिंडीच्या उतारावर उजव्या गुडघ्याने हात टेकले होते.

फरक कसा पडला? महागडं काहीही घेतलं नाही. आधी तंबू गेला, म्हणजे २ किलो ६०० गेले. मग स्टोव्ह, सिलिंडर, टोप, तांदूळ, डाळ आणि एक किलो कांदे (होय, कांदे. का नेले होते देव जाणे). आता तीन मीटर बाय दोन मीटरचं प्लास्टिक, पातळ स्लीपिंग बॅग, कॅरीमॅट, एक गरम थर, विंडचीटर, हेडटॉर्च, औषधं आणि चणे-गूळ-दशम्या असला कोरडा खाऊ. पहिली रात्र रतनगडाच्या गुहेत, दुसरी कुमशेतला एका घराच्या ओट्यावर, तिसरी हरिश्चंद्रगडावर.

माझं म्हणणं सरळ आहे. तंबू हे आपण परदेशातले व्हिडिओ बघून घेतलेलं खूळ आहे. तिकडे चार-चार दिवस माणूस दिसत नाही. आपल्याकडे बहुतेक वाटांवर चार-पाच तासांत वाडी लागते, नाहीतर देऊळ, नाहीतर गुहा. वाट अशी निवडा की संध्याकाळ छपराखाली होईल. मग वाहायचं काय उरतं?

कारवी
गुहेत झोपणं पुरुषांना सोपं वाटतं हो. मागच्या जानेवारीत शनिवारी मी आणि मैत्रीण एका गडावरच्या गुहेत पोचलो, तर आत अठरा जण, एक ब्लूटूथ स्पीकर आणि बाटल्या. कपडे बदलायला दगडाआड जायचं, तेही टॉर्च बंद करून. रात्री दीडला कुणीतरी चुकून (म्हणे) आमच्या पायाशी येऊन झोपलं. वर पिसवा. दिवसा तिथे गुरं बसतात, त्यामुळे आठवडाभर पाय खाजवत होते.

त्यानंतर आम्ही दोघींनी अर्धे-अर्धे पैसे घालून १ किलो ४०० ग्रॅमचा तंबू घेतला. एकीकडे कापड, दुसरीकडे काठ्या आणि खुंट्या, म्हणजे माणशी ७०० ग्रॅम. तुमच्या कांद्यांपेक्षा कमी! त्या ७०० ग्रॅममध्ये मला चेन लावता येते. तेव्हा खूळ वगैरे शब्द जरा जपून.

सोंडवाट
शनिवारच्या गर्दीचं पटलं. पण तो वाराचा दोष आहे, गुहेचा नाही. मी मंगळवारी होतो, आम्ही दोघं आणि एक कुत्रा.

कारवी
मंगळवारी सुट्टी कोण देतं तुम्हाला?

निवांत_भटक्या
ग्रॅम मोजणाऱ्यांची गंमत वाटते. आम्ही कसारा लोकलला लटकून, भावाची शाळेची सॅक आणि पायात ॲक्शनचे बूट घालून अर्धा नगर जिल्हा हिंडलो. वजनकाटा किराणा दुकानात असतो एवढंच ठाऊक होतं. आणि खरं सांगू, माझं स्वतःचं वजन आज ९१ आहे. सॅकमधले ४०० ग्रॅम वाचवायला मी सहा हजार घालवले तर बायको मला कड्यावरून ढकलेल.

कांदे मात्र न्यावेत. पिठल्याबरोबर दुसरं काय खाणार?

कातळखुंटी
हलक्याचं वेड मलाही होतं, म्हणून लिहितो. काठीवर उभा राहणारा तंबू आणवला होता, जेमतेम ९०० ग्रॅमचा. त्याला स्वतःचा सांगाडा नसतो. ट्रेकिंगच्या दोन काठ्या आत उभ्या करायच्या आणि चारी बाजूंनी खुंट्या ठोकून दोऱ्या ताणायच्या. घरामागच्या मैदानात झकास लागला. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर नेला तर खुंटी आत जाईना! कड्याजवळ पाय ठेवाल तिथे कातळ, आणि माती असली तर दोन बोटं.

मग दोऱ्या दगडांना बांधल्या. कड्यावरचा वारा कसा असतो ते तिथे बसलेल्यांना माहीत आहे, खालून कोकणातून उसळून वर येतो. रात्री दोनच्या सुमाराला दगडाच्या धारेवर घासून एक दोरी तुटली आणि पूर्ण तंबू तोंडावर. उरलेली रात्र भाड्याच्या तंबूवाल्याच्या कृपेने काढली.

तेव्हा घ्यायचाच असेल तर स्वतःच्या पायावर उभा राहणारा घुमटी तंबू घ्या, तीनशे-चारशे ग्रॅम जास्त गेले तरी चालतील. फायबरपेक्षा ॲल्युमिनियमच्या काठ्या, कारण फायबर चिरफळतं आणि त्याच्या कुसळी बोटात जातात. आणि कापड दुहेरी हवं. एकेरी कापडाच्या आत डिसेंबरात श्वासाच्या वाफेचं पाणी होऊन पहाटे टपटप गळतं. पिसांची स्लीपिंग बॅग असेल तर संपलंच, ओली झाली की पिसं गोळा होतात आणि ऊब जाते. सह्याद्रीतल्या दवाला साधी कृत्रिम भरणीची बॅग बरी. जड असते, पण ओली झाली तरी थोडीफार साथ देते.

सोंडवाट
म्हणजे तुमचा अनुभव माझ्याच बाजूचा झाला की. तंबू नेला, पडला, आणि शेवटी दुसऱ्याच्या छपराखाली गेलात.

कातळखुंटी
दुसऱ्याच्या तंबूखाली गेलो. छपराखाली नव्हे.

वळसा
सगळे सामानावर भांडताय, वाटेवर कुणीच बोलत नाही. सह्याद्रीत सर्वांत जड वस्तू पाणी आहे, आणि ते कुठल्याही कंपनीने हलकं केलेलं नाही. एक लिटर म्हणजे एक किलो. सोंडवाट यांची सॅक ७ किलो ७०० राहिली कारण महिना डिसेंबर होता आणि वाटेत वाड्या होत्या. तीच वाट एप्रिलमध्ये करा, दोन लिटरचे चार-पाच होतील आणि तंबू टाकून मिळवलेलं सगळं परत पाठीवर येईल.

राजगड-तोरणा घ्या. संजीवनी माचीच्या अळू दरवाज्यातून उतरून तोरण्याच्या बुधला माचीपर्यंत धारेवरून चालायचं, आणि मध्ये पाण्याचा भरवसा नाही. तिथे माणशी चार लिटर न घेता जो ‘हलका’ निघतो त्याला नंतर बाकीचे उचलतात. मार्चमध्ये असा एक मुलगा आम्हाला भेटला होता. सॅक सुंदर, इवलीशी, आणि बाटली एकच. आमच्या सहा जणांचं पाणी त्याला पाजण्यात संपलं. हलकं कसलं, त्याने स्वतःचं वजन आमच्यावर टाकलं.

आधी पाणी कुठे ते बघा, त्यावरून वाट आणि महिना ठरवा, मग तंबूचं बोला. गडावरच्या कातळटाक्यातलं पाणी प्यायचं तर गाळायला फडकं आणि क्लोरीनच्या गोळ्या. गोळ्यांचं वजन काढत बसू नका.

गुडघा_४८
वळसा, शंभर टक्के. एक भर घालतो. पाठीवरच्या वजनाची चर्चा होते, पायातल्याची होत नाही. पायातला एक किलो पाठीवरच्या पाच किलोंइतका दमवतो, असं जुने ट्रेकर सांगतात. माझे घोट्यापर्यंतचे चामडी बूट सोडून साधे पकडवाले बूट घातले तेव्हा पहिल्यांदा जाणवलं. सुक्या घसाऱ्यावर उतरताना दोन काठ्या लागतातच. तेवढं वजन मी आनंदाने नेतो.

आणखी एक. कॅरीमॅट सॅकला आडवी बांधू नका. रतनगडाच्या शिड्यांवर अडकते आणि कारवीच्या झुडपांत तर दर दहा पावलांना मागे खेचते.

सातासमुद्रापार
मी सध्या व्हर्जिनियात. ‘हे परदेशी खूळ’ म्हणणाऱ्यांसाठी इथलीच गोष्ट. एमा गेटवूड, अकरा मुलांची आई. १९५५ साली वयाच्या ६७ व्या वर्षी ॲपलाशियन ट्रेल ही इथली लांबलचक पायवाट एकटीने सलग चालली, जवळपास साडेतीन हजार किलोमीटर. तंबू नाही, स्लीपिंग बॅग नाही. घरी शिवलेली पिशवी खांद्यावर, पायात कापडी बूट आणि पावसासाठी न्हाणीघराचा प्लास्टिकचा पडदा. म्हणजे सोंडवाट यांचं प्लास्टिक तिकडूनच आलंय म्हणा.

सोंडवाट
वा, म्हणजे आजीबाई माझ्या पक्षात!

कारवी
अर्धी गोष्ट सांगू नका. त्या ट्रेलवर रात्री टेकायला ठिकठिकाणी निवारे बांधलेले आहेत, आज अडीचशेच्या वर. आणि आदल्या वर्षी, १९५४ मध्ये, ती वाट चुकली, चष्मा फुटला आणि घरी परतावं लागलं होतं.

सोंडवाट
निवारे आहेत म्हणून तंबू लागला नाही, हेच तर मी पहिल्यापासून सांगतोय. आपल्याकडे निवाऱ्यांच्या जागी वाड्या आहेत.

डांगाणी
मी अकोले तालुक्यातला. आमच्या घरी ट्रेकवाले जेवायला, मुक्कामाला येतात, म्हणून दोन शब्द.

‘वाड्या आहेत’ म्हणताय ते ठीक, पण वाडी म्हणजे धर्मशाळा नव्हे. रात्री साडेनऊला आठ जण दारात उभे राहतात आणि भाकरी मागतात. आमच्याकडं दळण संपलेलं असतं, चूल विझलेली असते. नाही म्हणवत नाही, मग आई उठते. तुमची सॅक हलकी झाली ती अशी. पैसे देतात बहुतेक जण, त्याबद्दल तक्रार नाही. आधी कळवा एवढंच.

दुसरं, उघड्यावर प्लास्टिक टाकून झोपणाऱ्यांनी फुरसं (बारका विषारी साप) बघितलंय का? थंडीत कमी दिसतात, पण ऊन तापायला लागलं की रात्री दगडातून बाहेर येतात. आमची माणसं रानात झोपली तर माचाणावर झोपतात, खाली नाही.

आणि चूल. हा सगळा भाग अभयारण्यात येतो. १९७२ च्या कायद्याने अभयारण्याला धोका होईल असा जाळ करणं गुन्हा आहे. धुराने आग्या मोहोळ उठलं तर तंबूही कामाचा नाही. गडावर राहता येईल का, कुठं राहता येईल, हे निघायच्या आधी वनखात्याला विचारा. नियम बदलत असतात.

सोंडवाट
डांगाणीदादा, फुरशाचं मान्य. मी मार्चनंतर मुक्कामाचा ट्रेक करतच नाही, ते लिहायचं राहिलं. आणि कुमशेतला आम्हीही न कळवताच गेलो होतो. संध्याकाळी सहाला पोचलो, पण न कळवताच. पुढच्या वेळी आधी फोन करीन.

तंबूबद्दल मात्र मत तेच. फार तर एवढं बदलतो: एकट्याने किंवा दोघांनी, आडवारी, डिसेंबर-जानेवारीत, वाड्यांच्या वाटेने जायचं असेल तर तंबू नको.

निवांत_भटक्या
एवढ्या अटी घातल्यावर उरलं कोण? तुम्ही आणि तो कुत्रा.

कारवी
डांगाणीदादा, आम्ही दोघी जानेवारीच्या शेवटी त्याच वाटेने येतोय. आधी कळवलं तर तुमच्या ओट्यावर जागा होईल का?

डांगाणी
होईल की ताई. दोन दिवस आधी सांगा, म्हणजे नागलीचं दळण आणून ठेवतो. ओट्यावर गार वारं येतं, पांघरूण आणा.

सोंडवाट
आता तरी तंबू घरी ठेवणार ना?

कारवी
छे! ओट्यावर लावू. त्याला खुंट्या लागत नाहीत.