‘नोकरी अफोर्ड होत नाही’ असे मराठीत म्हणावे का?

मूळ मत (जुळे सोलापूर)
पाळणाघर, रिक्षा आणि बाहेरचा डबा यांतच पगार संपत असल्यामुळे नोकरी सोडणारी आई इंग्रजीत ‘कान्ट अफोर्ड टु वर्क’ म्हणते, आणि आता आपल्या मुलीही ‘मला जॉब अफोर्ड होत नाही’ असे सर्रास म्हणू लागल्या आहेत. मला हे अनावश्यक वाटते. ‘अफोर्ड’ प्रामुख्याने घेणाऱ्याच्या ऐपतीविषयी बोलते. म्हणून जे काम पैसे आणते तेच ‘अफोर्ड’ होत नाही असे ऐकल्यावर माणूस चमकतो, आणि त्या इंग्रजी वाक्याचा सारा जोर त्या चमकण्यातच आहे. आपले ‘परवडणे’ विकणाऱ्यालाही लागू पडते. सोलापूरच्या बाजार समितीत कांदा घेऊन आलेला शेतकरी ‘या भावात परवडत नाही’ म्हणतो, तेव्हा तो ऐपत नव्हे, खर्च आणि उत्पन्न यांचा मेळ सांगत असतो. नोकरीचा हिशेबही तोच आहे.

प्रतिसाद (अशोक चौक)
मी सहमत नाही. माझ्या आईने अनेक वर्षे घरी विड्या वळल्या. मजुरी हजार विड्यांमागे मिळे. दिलेला तेंदूपत्ता कमी पडला तर उरलेला तिलाच विकत आणावा लागे, आणि खराब ठरवलेल्या विड्यांचे श्रम बुडत. १९६६ च्या विडी-सिगार कामगार कायद्याने घरी वळणाऱ्या बाईलाही कामगार मानले होते, तरी पानांचा हा खर्च तिच्याच माथी राहिला. ‘परवडत नाही’ असे ती म्हणाली की ऐकणारा ‘मग सोडून द्या’ म्हणत असे, कारण भाजी घेताना रोज वापरून हा शब्द गुळगुळीत झाला आहे. परका शब्द निदान ऐकणाऱ्याला थांबवतो.

मूळ लेखिका
आपल्या आईंची व्यथा मला कळते. परंतु त्या पदरमोड करून काम करत होत्या, आणि कामाचा खर्च कोणाच्या खिशातून गेला हे ‘पदरमोड’ जितके स्पष्ट सांगते तितके ‘अफोर्ड’ सांगत नाही. शिवाय ‘परवड’ या नामाचा अर्थ हालअपेष्टा असाच आहे. एवढे जवळचे शब्द असताना उसनवारी कशासाठी?

प्रतिसाद (अशोक चौक)
आईसाठी ‘पदरमोड’ मला पूर्ण मान्य आहे. परंतु जिने हिशेब मांडून नोकरी आधीच सोडली, तिने पदर मोडलेला नाही. तिची मिळकत मात्र गेली आहे. तिला ‘मग सोडून द्या’ असेही कोणी म्हणू शकत नाही. तिच्यासाठी शब्द सुचवा, मी ‘अफोर्ड’ सोडून देईन.