मदत हवी आहे: अमेरिकन राष्ट्राध्यक्षाची सत्ता वाढली म्हणतात, पण माझी रेघ सरळ येतच नाहीये

मंडळी, जरा अडकलेय. वाचनगटात पुढच्या रविवारी २० मिनिटं बोलायचंय, विषय वॉशिंग्टनपासून पुढे राष्ट्राध्यक्षाची सत्ता कशी वाढत गेली. हौसेने मीच हात वर केला होता त्यामुळे आता तक्रार करायची पण सोय नाही.

प्लॅन सोपा होता, एक चढती रेघ काढायची आणि तिच्यावर टप्पे टाकायचे. १८०३, जेफरसनने दीड कोटी डॉलरला फ्रान्सकडून लुइझियाना घेतलं, आणि गंमत म्हणजे अशी जमीन विकत घ्यायचा अधिकार घटनेत आहे का हा प्रश्न त्याला स्वतःलाच पडला होता, आधी म्हणे घटनादुरुस्ती करू, मग नेपोलियनचं मन फिरलं तर काय या भीतीने दुरुस्ती राहिली बाजूला आणि करार सेनेटकडे गेला. १८३२, जॅक्सनने राष्ट्रीय बँकेचं बिल व्हेटोने (म्हणजे सही नाकारून) उडवलं. १८६१, लिंकनने काँग्रेसचं अधिवेशन नसताना हेबियस कॉर्पस (अटक केलेल्याला कोर्टापुढे आणायला लावायचा हक्क) स्थगित केलं, सैन्यभरती वाढवली, आणि ४ जुलैला अधिवेशन भरलं तोवर सगळं करून बसला होता. (काँग्रेस म्हणजे त्यांची संसद हो, उगाच धाग्याला फाटे नकोत.)

इथपर्यंत मस्त. पण लिंकन गेल्यावर रेघ धाडकन खाली. १८६८ ला अँड्र्यू जॉन्सनवर महाभियोग, सेनेटमध्ये ३५ विरुद्ध १९, काढायला दोन तृतीयांश म्हणजे ३६ लागत होती, म्हणजे फक्त एका मताने खुर्ची वाचली, आणि पुढची बरीच वर्षं गाडा काँग्रेसच हाकत होती.

आणि खरी माती खाल्ली ती ट्रुमनपाशी. १९५० ला त्याने कोरियात सैन्य पाठवलं, काँग्रेसकडून युद्धाची घोषणा घेतलीच नाही, तरी खपून गेलं. १९५२ ला पोलाद कामगारांचा संप होणार होता, तर त्याच युद्धाचं कारण देऊन ८ एप्रिलला कारखाने सरकारच्या ताब्यात घेतले, आणि २ जूनला सुप्रीम कोर्टाने ६ विरुद्ध ३ ने सांगितलं की चालणार नाही. माणूस तोच, युद्ध तेच, मग सत्ता वाढली म्हणू का घटली? रेघ कुठे नेऊ?

उगाच_एक: दोन रेघा काढा की. देशाबाहेर चढती, देशात वरखाली. सुटला प्रश्न.

जुनी_वही: @उगाच_एक, इतकं सोपं नाही ते. देशात-परदेशात यापेक्षा काँग्रेस काय म्हणत होती ते बघा. पोलाद खटल्यात न्या. रॉबर्ट जॅक्सन यांचं वेगळं निकालपत्र आहे (बँकवाला जॅक्सन वेगळा, भाषणात घोळ होईल), बहुमतात असूनही स्वतंत्र लिहिलंय आणि पुढे मूळ निकालापेक्षा तेच जास्त वापरलं गेलं. त्यांनी तीन कप्पे केले. काँग्रेस बरोबर असेल तर राष्ट्राध्यक्ष सगळ्यात बळकट, काँग्रेस गप्प असेल तर धूसर जागा, आणि काँग्रेसच्या इच्छेविरुद्ध गेला तर सगळ्यात दुबळा. आता मेख अशी की १९४७ ला कामगार कायदा करताना असे कारखाने ताब्यात घ्यायचा अधिकार द्यावा का यावर काँग्रेसमध्ये विचार झाला होता आणि तो द्यायचा नाही असं ठरलं होतं. म्हणजे ट्रुमन थेट तिसऱ्या कप्प्यात. कोरियाच्या वेळी काँग्रेसने अडवलं नाही, उलट पैसे मंजूर करत राहिली. आणि हेच जॅक्सन १९४१ ला रूझवेल्टचे अॅटर्नी जनरल असताना विमानाचा कारखाना ताब्यात घेण्याचं समर्थन करत होते बरं का! खुर्ची बदलली की कायदा वेगळा दिसतो.

धागाकर्ती: अरे देवा, हे तर मी वाचलंच नव्हतं. मग रेघेपेक्षा कप्पेच दाखवते. पण निक्सननंतर काँग्रेसने सत्ता परत घेतली असं सगळीकडे लिहिलेलं असतं, ते कुठल्या कप्प्यात?

सावकाश: घ्यायला गेली खरी, हातात किती आलं तो वेगळा विषय. १९७३ चा युद्ध अधिकार ठराव निक्सनच्या व्हेटोवर मात करून झाला, ६० दिवसांत मंजुरी नाही तर सैन्य परत. २०११ ला लिबियात ६० दिवस उलटले तेव्हा ओबामा सरकार म्हणालं की आम्ही करतोय त्याला कायद्याच्या अर्थाने लढाईच म्हणता येत नाही, झालं.

पण तुम्ही १९७६ चा आणीबाणी कायदा घ्याच. मूळ कायद्यात काँग्रेसची दोन सभागृहं ठराव करून आणीबाणी संपवू शकत होती, राष्ट्राध्यक्षाची सही लागत नव्हती. १९८३ ला सुप्रीम कोर्टाने एका इमिग्रेशनच्या केसमध्ये असे बिनसहीचे ठराव घटनेत बसत नाहीत म्हटलं, म्हणून १९८५ ला कायदा बदलला आणि सही आली, म्हणजे व्हेटोही आला. २०१९ ला ट्रम्पने सीमेवरच्या भिंतीसाठी आणीबाणी लावली, दोन्ही सभागृहांनी ती रद्द केली, त्याने व्हेटो मारला, व्हेटो मोडायला लागणारी दोन तृतीयांश मतं जमली नाहीत. लगाम म्हणून बांधलेला दोर घोडेस्वाराच्याच हातात.

धागाकर्ती: हे भारी आहे. सुरुवात पोलाद कारखान्यापासून, शेवट या आणीबाणीवर. जेफरसनला बहुतेक कट्टी. फ्रँकलिन रूझवेल्टचं काय करू, चार निवडणुका जिंकला एवढं एका वाक्यात उरकू?

जुनी_वही: नका उरकू. १९३६ ला ४८ पैकी ४६ राज्यं जिंकली आणि १९३७ ला सुप्रीम कोर्टात जादा न्यायाधीश भरायचं बिल आणलं तर ते सेनेटमध्ये गाडलं गेलं, आणि बहुमत कुणाचं, त्याच्याच पक्षाचं. लोकप्रियता आणि सत्ता एक नाही हे सांगायला दुसरं उदाहरण शोधायला नको.

धागाकर्ती: ठीक, जेफरसनची ३ मिनिटं रूझवेल्टला. धन्यवाद सगळ्यांना, रविवारी काय झालं ते इथेच लिहिते.